अटी लागू: दगड नाही, घंटा नाही, मुदत एक वर्ष

पोलंडच्या नैऋत्येला श्विद्नित्सा नावाचं गाव आहे. तिथल्या एका इमारतीचा बाहेरून काढलेला फोटो कुणालाही दाखवा आणि हे काय असेल, विचारा. धान्याची वखार, असं उत्तर येईल. फार तर एखाद्या जमीनदाराचा जुना तबेला. काळपट लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या, त्यांच्या मधे पांढऱ्या भिंतीचे तुकडे आणि वर भलंमोठं उतरतं छप्पर. त्यावर मनोरा नाही.

मग आतला फोटो दाखवा. छतभर रंगीत चित्रं, मजल्यावर मजले चढवलेले सज्जे, सोनेरी कोरीवकाम, वेदी, ऑर्गन. हे दोन्ही फोटो एकाच जागेचे आहेत हे पटायला वेळ लागतो.

हे लुथेरन पंथाचं चर्च आहे, १६५७ साली पुरं झालेलं. जवळच्याच यावोर गावात त्याचं भावंड आहे. लाकडी सांगाड्याच्या प्रार्थनास्थळांमध्ये युरोपात ही दोन सर्वांत मोठी मानली जातात आणि २००१ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. प्रवासवर्णनांमध्ये यांच्याबद्दल 'एकही खिळा न वापरता बांधलेलं अद्भुत चर्च' एवढंच वाचायला मिळतं आणि खरी गोष्ट बाजूलाच राहते. जागा, परवाना, पैसे आणि मुदत यांची ही गोष्ट आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत ज्याने चार संध्याकाळी घालवल्या आहेत, त्याला ती लगेच कळेल.

मंडळी आणि चर्च, दोन वेगळ्या गोष्टी

मराठी ख्रिस्ती समाजात एक फार नेमका शब्द आहे: मंडळी. चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे तिथे एकत्र येणारी माणसं. पुढच्या गोष्टीत हा फरक कळीचा आहे, कारण इथे मंडळी आधीपासून होती, हजारोंच्या संख्येने होती. नव्हती ती इमारत. खरं तर इमारतीही होत्या, पण काढून घेतल्या गेल्या.

लुथेरन म्हणजे मार्टिन लूथरच्या मार्गाने जाणारे. १५१७ मध्ये लूथरने रोमच्या चर्चच्या कारभारावर जाहीर आक्षेप घेतले आणि पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती धर्मात फूट पडली. पोपला मानणारे ते कॅथलिक आणि या बंडातून निघालेले ते प्रोटेस्टंट. लुथेरन हा प्रोटेस्टंटांमधला एक मोठा प्रवाह. एवढं पुरे, धर्मशास्त्रात याहून खोल जायची गरज नाही.

ज्याचं राज्य, त्याचा धर्म

श्विद्नित्सा ज्या भागात येतं त्याला सिलेसिया म्हणतात. आज हा भाग बहुतांश पोलंडमध्ये आहे, पण तेव्हा तिथली बरीचशी वस्ती जर्मन बोलणारी होती आणि वर सत्ता होती हॅब्सबर्ग घराण्याच्या सम्राटाची. गावांना तेव्हा जर्मन नावं होती. श्विद्नित्साचं श्वाइडनिट्स, यावोरचं याउअर.

जर्मन मुलखातली भांडणं मिटवायला १५५५ मध्ये ऑग्सबुर्गला एक तह झाला होता. त्याचं सूत्र सोपं होतं: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. राजा कॅथलिक असेल तर प्रजाही कॅथलिक. पटत नसेल तर घरदार विकून दुसऱ्या राज्यात जा.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. सिलेसियात मात्र ते अवघड होऊन बसलं, कारण प्रजा मोठ्या संख्येने लुथेरन झालेली आणि सम्राट पक्का कॅथलिक. बरेच दिवस दोन्ही बाजूंनी कानाडोळा करून निभावलं. मग १६१८ मध्ये युद्ध पेटलं आणि तीस वर्षं चाललं. त्याचं नावच 'तीस वर्षांचं युद्ध'. सैन्यं आली, गेली, पुन्हा आली. सिलेसिया उद्ध्वस्त झाला.

तहातली एक ओळ

१६४८ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टफालियाचा तह झाला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. या तहाच्या वाटाघाटींत स्वीडन हा प्रोटेस्टंटांचा वजनदार पाठीराखा होता. सिलेसियातल्या लुथेरनांसाठी स्वीडनने बराच जोर लावला, पण सम्राट तिसरा फर्डिनांड स्वतःच्या खास मुलखात पूर्ण मोकळीक द्यायला तयार झाला नाही. शेवटी तडजोड झाली. तहात एक कलम आलं: श्वाइडनिट्स, याउअर आणि ग्लोगाउ या तीन शहरांबाहेर, तटबंदीजवळ, ऑग्सबुर्ग मताच्या म्हणजे लुथेरन लोकांनी स्वतःच्या खर्चाने प्रत्येकी एक चर्च बांधावं.

तीन चर्च. एवढ्या मोठ्या मुलखासाठी फक्त तीन.

पुढे काय झालं ते लक्षात घेतल्याशिवाय या तीन चर्चचं मोल कळत नाही. १६५३-५४ मध्ये सम्राटाचे अधिकारी गावोगाव फिरले आणि त्या मुलखात लुथेरनांच्या ताब्यात असलेली सहाशेहून जास्त चर्च त्यांनी कॅथलिकांकडे दिली. पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, हद्दपार केलं. एका हाताने तीन दिली, दुसऱ्या हाताने सहाशे घेतली. वेस्टफालियाच्या शांततेतून मिळालेली म्हणून या तिघांना 'शांती चर्च' म्हणतात. नाव गोड आहे. हिशेब तितका गोड नाही.

अटींचा कागद

आपल्याकडे कायदा होतो विधानसभेत, पण घोडं अडतं ते नियमावलीत. इथेही तेच झालं. तहात फक्त 'शहराबाहेर, तटाजवळ, स्वखर्चाने' एवढंच होतं. बाकीच्या अटी परवानगी देताना सम्राटाच्या बाजूने जोडल्या गेल्या.

इमारत शहराच्या तटाबाहेर हवी, पण तोफेच्या टप्प्यात हवी. दगड-वीट चालणार नाही. लाकूड, माती, वाळू आणि पेंढा एवढंच वापरायचं. मनोरा बांधायचा नाही, घंटा टांगायची नाही. आणि काम सुरू केल्यापासून वर्षभरात पुरं करायचं.

या अटी निव्वळ खोडसाळपणा म्हणून घातल्या होत्या का? थोडाफार तो होताच. पण त्यामागे लष्करी हिशेबही होता. त्या काळी शहराला तट असायचा आणि तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली जायची. तिथे दगडी इमारत उभी राहिली आणि उद्या शत्रू चालून आला, तर ती त्याच्यासाठी आयता आडोसा. लाकूड-मातीची असली तर पेटवून देता येते. तोफेच्या टप्प्यात असली तर पाडता येते. मनोऱ्यावरून टेहळणी करता येते, म्हणून मनोरा नको. तीस वर्षं लढून दमलेल्या सेनापतीला हे सगळं रास्तच वाटलं असणार.

घंटेचं कारण मात्र वेगळं. घंटा ही सार्वजनिक गोष्ट. ती वाजली की साऱ्या गावाला कळतं की इथे कुणीतरी आहे, आणि हक्काने आहे. मनोरा दुरून दिसतो, घंटा दुरून ऐकू येते. म्हणजे सम्राटाचं म्हणणं असं: राहा, पण दिसू नका आणि ऐकूही येऊ नका.

आता तो कागद पुन्हा वाचा. त्यात उंचीचा उल्लेख नाही. किती माणसं बसवायची यावर बंधन नाही. आत काय करायचं याबद्दल एक शब्द नाही. ज्या गोष्टींची मनाई होती त्या मंडळीने मुकाट्याने मानल्या आणि ज्यांची नव्हती त्या शेवटच्या इंचापर्यंत वापरल्या. या दोन्ही इमारती मला आवडतात त्या यासाठी.

'एवढा आटापिटा कशाला? घरी प्रार्थना केली असती!'

ही शंका साहजिक आहे. आपल्याकडे देवघर घरात असतं, पूजा घरी होते, देवळात गेलं तर उत्तम, नाही गेलं तरी चालतं. लुथेरन रीत तशी नाही. तिच्या मध्यभागी दोन गोष्टी आहेत: पाळकाने केलेला उपदेश आणि संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा (पाण्याने होणारा धर्मप्रवेश) व प्रभुभोजन (एकत्र घ्यायची पवित्र भाकर आणि द्राक्षारस). दोन्ही मंडळीने एकत्र येऊन करायचं असतं. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदीही चर्चच्याच वहीत. तेव्हा जन्म-मृत्यू दाखल्यासाठी नगरपालिकेची खिडकी नव्हती.

चर्च नसताना लोकांनी काय केलं? काही जण मैलोन् मैल चालत शेजारच्या लुथेरन राज्याच्या हद्दीत जात आणि तिथल्या चर्चमध्ये बसून परत येत. त्यासाठी सीमेवर मुद्दाम चर्च उभी राहिली, त्यांना 'सीमाचर्च'च म्हणतात. काही जण जंगलात जमत. हद्दपार झालेले पाळक लपतछपत येऊन झाडांच्या आडोशाला उपदेश करत आणि त्यांना 'झुडपातले पाळक' असं नाव पडलं होतं. आणि एवढं करूनही स्थानिक कॅथलिक धर्मगुरूची दक्षिणा चुकत नव्हती. लग्न असो की मयत, त्याचे पैसे त्याला द्यावेच लागत.

अशा माणसांना कुणी सांगितलं की तटाबाहेर गवता-मातीचं चर्च बांधा, तर ती ते बांधणारच.

जागा आली, पैसे कुठून आले?

जागा सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी येऊन आखून दिली. आपल्याकडे मोजणीवाले येऊन खुणा रोवतात, तसंच. निवड करायची सोय नव्हती, दाखवली ती जागा घ्यायची. पण जागा नुसत्या इमारतीपुरती नव्हती. श्विद्नित्सात चर्चभोवती दफनभूमी झाली, पाळकांचं घर आणि पुढे शाळाही झाली. तट गेला, शहर वाढलं आणि तेव्हाची ती गावाबाहेरची जमीन आज शहरातला झाडीने भरलेला शांत तुकडा आहे. त्याचं नाव शांती चौक.

पैशाचं गणित अवघड होतं. युद्धाने मुलूख भिकेला लागलेला. तहात 'स्वखर्चाने' हा शब्द असल्यामुळे सरकारकडून छदाम मिळणार नव्हता. मग वर्गणी सुरू झाली. दूरच्या प्रोटेस्टंट दरबारांकडे आणि शहरांकडे मदत मागितली गेली. जवळच्या सरदारांनी दिलं, कारागिरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलं. सगळ्यांत मोठी मदत वस्तूच्या रूपात आली. फ्युर्स्टेनस्टाइनच्या होखबर्ग घराण्यातल्या सरदाराने स्वतःच्या जंगलातून श्विद्नित्साच्या चर्चला लागणारं जवळपास दोन-तृतीयांश लाकूड दिलं. ते ओकचं लाकूड, म्हणजे त्यांच्याकडचा सागच म्हणा. आजही आत होखबर्ग घराण्याचा स्वतंत्र नक्षीदार सज्जा आहे. देणगीदाराच्या नावाची फरशी लावायची हौस फक्त आपलीच नाही.

१६४८ चा तह आणि श्विद्नित्साची पायाभरणी १६५६ च्या ऑगस्टमध्ये. मधली आठ वर्षं कुठे गेली? परवानग्या, जागेची आखणी, पैसा आणि लाकूड जमवणं यात गेली. वर्षाची मुदत काम सुरू झाल्यावर मोजली जाणार असेल, तर शहाणा माणूस सगळं सामान गोळा झाल्याशिवाय पहिली कुदळ मारत नाही.

लाकूड, माती, पेंढा: बांधलं कसं?

आराखडा केला ब्रेस्लाउ शहराच्या आल्ब्रेख्ट फॉन झेबिश याने. ब्रेस्लाउ म्हणजे आजचं व्रोत्स्वाफ. हा माणूस तटबंदी बांधणारा अभियंता होता. तोफेच्या टप्प्यात बांधायच्या इमारतीसाठी तटबंदीवाला गाठला, यातली गंमत मंडळीच्याही लक्षात आली असेल.

बांधणी समजून घ्यायला पुण्याचा किंवा वाईचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्यात भार पेलतो तो लाकडी सांगाडा: खांब, तुळया, वासे. मधली भिंत नुसती भरण असते. खण मोजून वाड्याचा आकार सांगायची आपली जुनी पद्धत त्यातूनच आली. युरोपातली सांगाडाबांधणी याच कुळातली आहे. फरक एवढाच की तिथे सांगाडा भिंतीच्या बाहेर उघडा दिसतो. त्या काळपट पट्ट्या सजावटीच्या नाहीत, इमारत त्यांच्यावरच उभी आहे.

मधली भरण म्हणजे आपला कूड. कोकणात कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमातीचा लेप देतात. तिथे लाकडी पट्ट्यांच्या मधे पेंढा कालवलेला चिखल ठासला आणि वरून पांढरा गिलावा दिला. पेंढा कशाला? नुसता चिखल वाळताना तडकतो. पेंढ्याचे धागे त्याला धरून ठेवतात. स्लॅबमध्ये लोखंडी सळया काही अंशी जे करतात, ते इथे गवताची काडी करते.

सांधे कसे? एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची, जीभ खाचेत बसवायची आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. खिळ्यांबद्दलची ख्याती इथून आली. पण यात चमत्कार नव्हता. त्या काळी सगळ्या युरोपात सुतार असेच सांधे करत. चमत्कार आकाराचा होता. घर, गोठा, पाणचक्की बांधायची रीत वापरून त्यांनी ४४ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद प्रार्थनागृह उभं केलं.

वर्षाच्या मुदतीचं कोडंही याच रीतीत सुटतं. दगडी चर्चला पिढ्या लागायच्या. लाकडी सांगाड्याचे तुकडे मात्र जमिनीवरच कापून, जुळवून, खुणा करून ठेवता येतात आणि मग एकेक उभा करत जायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर सुटे भाग आणून जागेवर जोडायचे. श्विद्नित्साची पायाभरणी २३ ऑगस्ट १६५६ ला झाली आणि पहिली उपासना २४ जून १६५७ ला. दहा महिने. ज्या अटीने त्यांना अडवायचं होतं ती, म्हणजे दगड नको ही अट, त्यांना मुदत पाळायला मदत करून गेली.

साडेसात हजार माणसं मावली कुठे?

चर्चमध्ये साधारण साडेसात हजार माणसं मावत, त्यातली तीन हजार बसून. आणि जमिनीवरचं क्षेत्रफळ सुमारे १०९० चौरस मीटर, म्हणजे पावणेबारा हजार चौरस फुटांच्या आसपास. भागाकार करा: एका चौरस मीटरला जवळपास सात माणसं. लोकलच्या दारात लटकायची सवय असलेल्या मुंबईकरालाही असं उभं राहून तासभर उपदेश ऐकणं जमायचं नाही.

उत्तर आहे सज्जे. मुंबईचे बिल्डर ज्याला एफएसआय म्हणतात, म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण, ते इथे कुणी ठरवून दिलेलंच नव्हतं. म्हणून मंडळीने भिंतीच्या कडेकडेने सज्जे चढवले. यावोरमध्ये तर ते एकावर एक चार मजले आहेत आणि त्यांच्या कठड्यांवर बायबलमधल्या प्रसंगांची चित्रं ओळीने रंगवली आहेत. खालून वर पाहिलं तर नाटकाच्या थिएटरात उभं असल्यासारखं वाटावं. तुलना अगदीच चुकीची नाही. लुथेरन उपासनेत उपदेश ऐकू येणं आणि उपदेशक दिसणं महत्त्वाचं असतं. लांबलचक दगडी चर्चमध्ये मागच्या रांगेला धड ऐकू येत नाही. इथे सगळे प्रवचनपीठाभोवती घोळक्याने बसलेले. श्विद्नित्साचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे, चारही हात मधल्या चौकाकडे तोंड करून.

सज्जे आणि बाकं हा चर्चच्या मिळकतीचाही मार्ग होता. लुथेरन मुलखात चर्चमधली जागा घराण्याच्या किंवा पेशाच्या नावावर असणं आणि तिच्यासाठी पैसे मोजणं सर्रास चाले. श्विद्नित्सात कारागिरांच्या संघांचे आपापले सज्जे आहेत, त्यांच्या धंद्याच्या खुणांसकट. वरच्या थरातल्या कुटुंबांना काचेच्या खिडक्यांचे बंदिस्त सज्जे. देवासमोर सगळे सारखे, पण बसायची जागा ऐपतीप्रमाणे. यावर मी अधिक बोलत नाही. आपल्याकडच्या व्हीआयपी दर्शनाच्या रांगा आठवल्या की जीभ आवरते.

श्विद्नित्साच्या प्रवचनपीठावर वाळूचं घड्याळ आहे. उपदेश किती लांबला ते मंडळीलाही दिसावं आणि पाळकालाही. ही सोय आपल्या सभा-संमेलनांत कुणी आणली तर मी वर्गणी देईन.

'बाहेर वखार, आत महाल: ही लबाडी नाही का?'

नाही. आतलं वैभव एका दिवसात आलेलं नाही. १६५७ मध्ये घाईने उभी केलेली इमारत आतून बरीच साधी होती. ऑर्गन १६६० च्या दशकात आला. छतावरची चित्रं १६९० च्या दशकातली. त्यांत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, दृश्यांना मोठी जागा आहे. आजची वेदी तर १७५२ ची, म्हणजे पायाभरणीनंतर जवळपास शंभर वर्षांनी आलेली. हातात पैसा आला की घराला एक खोली वाढवावी, तसं पिढ्यांनी थोडंथोडं केलं.

आणि दुसरं म्हणजे सक्तीने आलेला साधेपणा आणि आवडीचा साधेपणा यांत फरक आहे. बाहेरचा साधेपणा त्यांच्यावर लादला होता. आतला भाग त्यांच्या हातात होता, तिथे त्यांनी स्वतःला काय हवं ते दाखवलं.

'म्हणजे कॅथलिक वाईट आणि प्रोटेस्टंट बिचारे?'

असं समजण्याचा मोह होतो, पण थोडं पश्चिमेला सरका. नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंटांचं राज्य होतं आणि तिथे कॅथलिकांना उघडपणे उपासना करायची बंदी होती. मग अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका व्यापाऱ्याच्या घराच्या पोटमाळ्यावर १६६३ मध्ये अख्खं कॅथलिक चर्च तयार झालं. रस्त्यावरून पाहिलं तर कालव्याकाठचं साधं घर. ते आजही पाहता येतं. तिथेही सौदा तोच: करा, पण रस्त्यावरून दिसता कामा नये.

व्हिएन्नातही पुढे हेच झालं. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८१ मध्ये लुथेरनांना उपासनेची मोकळीक दिली. आधीच्या मानाने मोठी उदार गोष्ट, पण अटी होत्याच: मनोरा नाही, घंटा नाही, रस्त्याकडून थेट दार नाही. शांती चर्चना सव्वाशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती, तरी कागदाची भाषा फारशी बदललेली नव्हती. सत्ता ज्याच्या हातात, तो दुसऱ्याला एकदम नाही म्हणत नाही. तो 'हो, पण' म्हणतो.

घंटा कशा आल्या

१७०७ मध्ये स्वीडनचा तरुण राजा बारावा चार्ल्स सैन्य घेऊन जर्मन मुलखात होता. त्याने सम्राटावर दबाव आणून आल्ट्रानश्टेट इथे करार करवून घेतला. त्यात शंभराहून जास्त चर्च लुथेरनांना परत मिळाली आणि सहा नवी बांधायची परवानगी आली. त्यांना 'कृपा चर्च' म्हणतात, कारण ती सम्राटाच्या कृपेने मिळाली, असं म्हणायचं. ही कृपा फुकट नव्हती. मंडळींना सम्राटाला नजराणा आणि वर भरघोस कर्ज द्यावं लागलं. सरकारला कर्ज देऊन परवाना मिळवायचा, ही युक्तीही जुनीच.

त्याच सुमारास श्विद्नित्सा आणि यावोरच्या चर्चना घंटांची मोकळीक मिळाली. श्विद्नित्सात १७०८ मध्ये घंटाघर उभं राहिलं, पण चर्चच्या अंगावर नाही; थोडं बाजूला, स्वतंत्र. माझा तर्क असा की मूळ सांगाड्यावर डोलत्या घंटांचे हिसके झेलायची जबाबदारी कुणालाच नको होती. माणसांचं ओझं सरळ खाली जातं. घंटा मात्र डोलते, आणि प्रत्येक हेलकाव्याला खांब आडवा ढकलते.

१७४० नंतर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सिलेसिया जिंकला आणि तो प्रश्नच संपला. राज्यकर्ताच प्रोटेस्टंट झाला. आता दगडी चर्च बांधायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी या मंडळींनी जुनी लाकडी इमारत मोडली नाही.

'पण माती-लाकूड साडेतीनशे वर्षं टिकतं?'

टिकतं, दोन गोष्टी पाळल्या तर. लाकडाला पाणी साचू द्यायचं नाही, म्हणून जोतं थोडं उचललेलं आणि छप्पर पुढे आलेलं. आणि खराब झालेला भाग वेळच्या वेळी बदलायचा. सांगाडाबांधणीची हीच सोय आहे की एका चौकटीतला चिखल गळाला तर तेवढाच काढून नवा भरता येतो, एखादं लाकूड कुजलं तर तेवढंच काढता येतं. स्लॅबच्या इमारतीत सळया गंजल्या की काय होतं, ते दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतोच.

नशिबाचा भागही आहे, तो लपवू नये. चर्च तीन होती. तिसरं ग्लोगाउचं, आजच्या ग्वोगूफचं, सर्वांत आधी, १६५२ मध्ये बांधलं गेलं. दोन वर्षांत वादळाने ते कोसळलं. मंडळीने पुन्हा वर्गणी केली, पुन्हा बांधलं. मग १७५८ मध्ये गावाला आग लागली आणि तेही जळालं. ज्यांनी 'लाकूडच वापरा' अशी अट घातली, त्यांचा अंदाज तीनपैकी एका ठिकाणी अगदी बरोबर ठरला.

आता मालक कोण?

१९४५ नंतर सीमा सरकल्या. सिलेसियाचा बहुतेक भाग पोलंडकडे आला, जर्मन रहिवाशांना जावं लागलं, त्यांच्या जागी पोलिश लोक आले आणि ते प्रामुख्याने कॅथलिक. कितीतरी लुथेरन चर्च कॅथलिक झाली. ही दोन मात्र पोलंडच्या लुथेरन चर्चकडेच राहिली. श्विद्नित्साची आजची मंडळी लहान आहे, आणि साडेसात हजारांसाठी बांधलेल्या जागेची देखभाल तिच्या गळ्यात आहे. दुरुस्तीला पोलिश आणि जर्मन अशी दोन्हीकडची मदत येते. ज्यांचे पूर्वज त्या सज्जांत बसले, ते आता सीमेपलीकडे आहेत. जे आज बसतात, त्यांचे पूर्वज इथले नव्हते. दार उघडून आत आलेल्या बहुतेकांच्या हातात तिकीट असतं, आणि घंटाघर अजूनही चर्चपासून वेगळं उभं आहे.